परवाचं वादळ

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिकेने मला "सिंगापुरातली माझी कारकीर्द" असा विषय दिला होता. मी तिला म्हटलं, बाई गं, माझी कारकीर्द एका वाक्यात संपते. हार्बरफ्रंटच्या ऑफिसात लिफ्टने वर गेले, खुर्चीत बसले आणि केस पांढरे झाल्यावर लिफ्टने खाली आले. त्यावर ती म्हणाली, "मग काहीतरी गमतीदार लिहा ना, ताई." वादळांवर पोट भरलेल्या बाईकडे गंमत मागायला धाडस लागतं. तिने ते दाखवलं, आता वाचकांनी भोगावं.

माझा धंदा आधी सांगायला हवा, कारण आमच्या कॉन्डोतल्या शेजाऱ्यांनाही तो शेवटपर्यंत कळला नाही. लिफ्टमध्ये भेटले की विचारायचे, "काय ताई, आज कपडे बाहेर वाळत घालू का?" मी म्हणायचे, "मला नाही माहीत." मग ते एकमेकांकडे अशा नजरेने बघायचे की हिला पगार तरी कसला मिळतो. सिंगापूरच्या पावसाशी माझा काही संबंध नव्हता. मी भर समुद्रातल्या जहाजांना वाट सांगायचे. त्यातही माझ्याकडे होता तो उत्तरेकडचा महासागर आणि तिथला हिवाळा.

जपानहून कॅनडाला जायचं तर सगळ्यात जवळची वाट नकाशावर दिसते तशी सरळ नसते, ती उत्तरेकडून वर चढून जाते. आणि नेमकी तिथेच हिवाळ्यात वादळं जन्माला येतात. आशियाच्या जमिनीवरून कोरडी, बर्फासारखी हवा समुद्रावर उतरते, खाली पाणी त्या मानाने ऊबदार असतं, आणि दोघांचं जमलं की तिथे एक भोवरा धरतो. सकाळी नकाशावर ती जेमतेम एक सुरकुती असते. त्यातली एखादी सुरकुती दिवसभरात अशी काही फुगते की आमच्या धंद्यात तिला सरळ "बॉम्ब" म्हणतात. (हा शब्द ऑफिसातच ठेवायचा, हे मी एकदा खालच्या फेरी टर्मिनलवर फोनवर बोलताना शिकले. दोन सुरक्षारक्षकांनी माझा जेवणाचा डबा उघडून पाहिला. आत भरलं वांगं होतं.) समुद्रात आहे तोवर हे वादळ फक्त जहाजांची डोकेदुखी असतं. किनाऱ्याला धडकलं की छपरं उडतात, झाडं कोसळतात, विजेच्या तारा तुटतात आणि बंदरं बंद होतात.

आता यातली खरी मौज अशी की ही सगळी हिवाळी वादळं मी सिंगापुरात बसून हाताळली, जिथे हिवाळा नावाची वस्तू मिळत नाही. इथे स्वेटर घातला तो ऑफिसच्या एसीमुळे. त्यातून मी नागपूरची. आमच्याकडे सगळ्यात मोठं पाणी म्हणजे अंबाझरी तलाव. समुद्र मी प्रथम पाहिला तो एम.एस्सी. झाल्यावर, आणि पाहून थोडी निराशच झाले होते, कारण त्या दिवशी तो अगदी शांत होता.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक नमुना होता. रॅफल्स प्लेसच्या एका बँकेतले साहेब, ज्यांचा पैसा कुठल्याशा जहाजांत अडकला होता, फोन करून विचारायचे, "या तिमाहीत वादळ आहे का?" वादळंही तिमाहीच्या हिशेबाने येतात असा त्यांचा प्रामाणिक समज होता. एका जहाजमालकाने तर मला वादळ थोडं उत्तरेकडे सरकवायला सांगितलं. खरं नव्हे हो, नकाशावरचं. त्याचा माल पाठवणारा व्यापारी घाबरट होता आणि त्याला नकाशा दाखवायचा होता. मी म्हटलं, सरकवते, पण मग समुद्रालाही तुम्हीच कळवा.

या धंद्यात एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी गिळावी लागते. आम्ही फक्त सल्ला देतो. जहाज न्यायचं कुठून, थांबायचं की पळायचं, हा शेवटचा शब्द कप्तानाचा. आम्ही घाम गाळून लांबलचक मेल पाठवतो, आणि तिकडून तीन शब्दांचं उत्तर येतं, "नोटेड विथ थँक्स." नवख्याला वाटतं, वा, किती सभ्य माणूस. मुरलेल्याला कळतं की याचा अर्थ "मावशी, तुमचं चालू द्या."

या तीन शब्दांचे सम्राट होते कॅप्टन सावंत.

सावंत मालवणचे. सिंगापूरच्याच एका कंपनीची धान्य वाहणारी मोठी जहाजं चालवायचे, आणि त्यांचं घर आमच्यापासून दोन एमआरटी स्टेशनांवर होतं. मंडळाच्या गणपतीत भेटले की मोदक हातात धरून सगळ्यांसमोर म्हणायचे, "काय वंदनाताई, नागपूरचा समुद्र काय म्हणतोय?" मी म्हणायचे, "नागपूरचा समुद्र बरा आहे कॅप्टन, तो सांगितलेलं ऐकतो." आमचं असं चालायचं. पण मोदक संपल्यावर माणूस खरोखर कधी माझं ऐकायचा नाही. तीन पिढ्या समुद्रावर गेलेल्या घरातला तो. तलावाकाठच्या बाईने संगणकात बघून त्याला लाट सांगावी, हे त्याला पटणं कठीणच होतं. आणि खरं सांगायचं तर दहातल्या आठ वेळा तो न ऐकताही सुखरूप पोचायचा, त्यामुळे माझी आणखीच पंचाईत व्हायची.

त्या डिसेंबरात त्यांचं जहाज जपानकडून कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याला निघालं होतं, गहू भरायला. म्हणजे जाताना रिकामं. रिकामं जहाज पाण्यावर रिकाम्या तांब्यासारखं वर वर तरंगतं, वाऱ्याला सगळी पाठ मिळते आणि मोठ्या लाटेवर जहाज ढकलणारा मागचा पंखाच पाण्याबाहेर येतो. अशा वेळी मी त्यांच्या पुढच्या वाटेवर, किनाऱ्याजवळ, एक सुरकुती पाहिली. अजून काहीच नव्हतं, पण वरची हवा, खालचं पाणी, सगळी लक्षणं मला ओळखीची होती. ती दक्षिणेकडून वर चढणार, वाटेत फुगणार आणि सावंत किनारा गाठायच्या सुमाराला त्यांच्या पुढ्यात आडवी येणार. मी मेल पाठवली: वेग कमी करा, मागे थांबा, तिला पुढून जाऊ द्या, मग या.

उत्तर आलं, "नोटेड विथ थँक्स." वेग होता तोच राहिला.

या खेपेला घाईचं कारण मला ठाऊक होतं. त्यांच्या धाकट्या मुलीचा, तन्वीचा, सिंगापुरात साखरपुडा होता. बंदरात जहाज दुसऱ्या कप्तानाच्या ताब्यात देऊन सावंत विमानाने येणार होते, आणि वेळेवर पोचले तर जेमतेम आदल्या दिवशी. थोरलीच्या साखरपुड्याला ते ब्राझीलच्या बंदरात होते, लग्नाला पोचले ते हार घालून झाल्यावर. या वेळी त्यांनी मुलीला शब्द दिला होता.

आता आमचा नियम असा की कोणतं जहाज कुठे आहे आणि त्याला काय सल्ला दिला, हे बाहेर कुणाला सांगायचं नाही. नियम चांगला आहे आणि मी तो मोडला नाही. मी फक्त त्या संध्याकाळी ऑफिसातून निघाल्यावर लिटिल इंडियात गेले, जिथे रात्रंदिवस उघडं असणारं ते भलंमोठं दुकान आहे. साखरपुड्याच्या घरची बाई त्या आठवड्यात तिथे सापडणार नाही, असं होणं शक्य नव्हतं. नारळांच्या ढिगापाशी कॅप्टनच्या पत्नी, माधवीताई, एकेक नारळ कानाशी धरून हलवून बघत उभ्या होत्या.

"या वंदनाताई! काय म्हणतंय तुमचं हवामान?"

हवामानाबद्दल बोलायला कुणाची परवानगी लागत नाही. मी कोथिंबिरीच्या जुडीकडे बघत म्हटलं, "परवा कॅनडाच्या किनाऱ्यावर मोठं वादळ धडकणार आहे. एखादं रिकामं जहाज तिकडे चाललं असेल, तर त्याने वेग कमी करून मागेच थांबलेलं बरं. एखादं म्हणते मी."

माधवीताईंनी हातातला नारळ खाली ठेवला. "आणि त्या एखाद्याचा कप्तान हट्टी असला तर?"

"तर त्याच्या बायकोने सांगून बघावं."

"थांबला तर तो एखादा कप्तान साखरपुड्याला पोचेल का हो?"

मी कोथिंबिरीची जुडी निवडायला लागले. त्यांनी टोपलीतली चार हळकुंडं वेचून घेतली. मग म्हणाल्या, "सांगते मी." पेढ्यांचा जो मोठा डबा घेतला होता, तो त्यांनी परत ठेवून मधला घेतला. का, ते मी विचारलं नाही.

इथे माधवीताईंची एक सवय सांगते. लग्न झालं तेव्हा जहाजावर निरोप पाठवणं म्हणजे मोजूनमापून, शब्दाला किंमत. त्या काळात त्यांनी एक युक्ती काढली होती: क्रियापद गाळायचं. "आई बरी. घर ठीक. तन्वीला दात." एवढ्यात सगळं कळायचं. आता जहाजावर चोवीस तास इंटरनेट आहे, खलाशी सिनेमे बघतात, पण माधवीताईंच्या मेसेजात क्रियापद काही परतलं नाही.

त्यांनी नवऱ्याला लिहिलं: "परवा मोठं वादळ त्या किनाऱ्यावर. वंदनाताई. सांभाळून."

मराठी माणसांनो, आता तुमच्या लक्षात आलं असेल. आपण एवढे काटेकोर लोक, काल निराळा, उद्या निराळा, हिंदीवाल्यांसारखा दोघांना मिळून एकच "कल" नाही. पण एक पाऊल पुढे टाकलं की आपणही फसतो. परवा मागचा की परवा पुढचा, हे सांगायचं काम आपण क्रियापदावर सोपवलेलं आहे. आणि क्रियापद तर माधवीताईंनी केव्हाच कामावरून काढून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात आले. प्रत्येक जहाज रोज दुपारी आपला ठावठिकाणा आणि वेग कळवतं, आणि त्यांची दुपार आमच्या सकाळच्या आधी होऊन गेलेली असते. वाटलं होतं, सावंतांचा वेग उतरलेला दिसेल. बायकोपुढे कप्तान काय चीज आहे! पाहते तो वेग वाढलेला. मी चष्मा पुसून परत पाहिलं. माणूस सुटलाच होता. इकडे ती सुरकुती आता सुरकुती राहिली नव्हती. उपग्रहाच्या चित्रात तिने छान गोल वळसा घेतला होता, आणि कालचा परवा आता उद्यावर आला होता.

मी जहाजावर फोन लावला. आमचे साहेब, मिस्टर लिम, माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. लिम स्वभावाने भित्रे नव्हते, पण माझा आवाज चढला की ते आपली खुर्ची सोडून यायचे.

"हां, बोला वंदनाताई!" सावंत खुशीत होते. "अहो, तुमचं वादळ तर होऊन गेलं! आम्ही पाहिलं ना. थोडं हललो, दोन कप फुटले. एवढ्यासाठी घाबरवत होतात?"

"कोणतं वादळ होऊन गेलं?"

"परवाचं! मिसेसने कळवलं ना, परवा मोठं वादळ. तुमचंच नाव घालून. आता रस्ता मोकळा, म्हटलं जरा दामटू या."

परवा खरोखरच त्या बाजूने एक किरकोळ वादळ गेलं होतं. त्याची दखलही मी मेलमध्ये एका ओळीत घेतली होती, आणि ती मेल सावंतांनी धन्यवाद देऊन बाजूला ठेवली होती. आणि तेवढंही पुरे नव्हतं. त्या प्रवासात जहाज तारीखरेषा ओलांडतं आणि पूर्वेकडे जाताना एक वार दोनदा येतो. सावंतांच्या जहाजावर मंगळवार दोनदा झाला होता. त्यामुळे तिथला परवा आणि सिंगापूरचा परवा यांची आधीच फारकत झाली होती.

घाबरले की माझं उसनं पुण्याचं शुद्ध मराठी पार उतरतं आणि नागपूर वर येतं. मी ओरडले, "कोणता परवा सांगून राहिले तुम्ही, कॅप्टन? गेलेला नाही! येणारा! येणारा परवा, म्हणजे आता उद्या!"

तिकडे त्यांनी कुणाला तरी हवेच्या दाबाचा मीटर वाचायला सांगितला. मग सावंत म्हणाले, "ताई, मीटर स्थिर आहे, समुद्र बरा आहे. तुमचा संगणक एक म्हणतो, माझी बायको एक म्हणते. सरळ गेलो तर मी वेळेत पोचतो. या वेळी मला पोचायचंय हो." शेवटचं वाक्य ते चेष्टेत बोलले नव्हते.

त्यांच्या जहाजावर वीसेक माणसं होती. मला ती कधीच दिसली नव्हती. माझ्या पडद्यावर एक ठिपका होता, आणि तो ठिपका सरकत होता. मी लिम साहेबांकडे वळून म्हटलं, "सर, मला त्यांच्या बायकोला या फोनवर घ्यायचंय."

"वाइफ? दिस वन प्रोसिजर हॅव ऑर नॉट?"

"नॉट."

लिमनी पडद्यावरच्या त्या गोल वळशाकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. "आय गो बाय कोपी," म्हणाले आणि निघाले. कॉफी आणायला, म्हणजे मी काही पाहिलं नाही. पण दाराबाहेर जाऊन ते काचेतून बघतच राहिले.

मी माधवीताईंना जोडून घेतलं आणि घडलेला प्रकार सांगितला. पुढे जे झालं ते आमच्या मजल्यावर सगळ्यांनी ऐकलं, कारण फोन स्पीकरवर होता. इतकी वर्षं सिंगापुरात शिस्तीत बोलणाऱ्या माधवीताई एका दमात मालवणात जाऊन पोचल्या.

"अहो! ऐकतास मा? गेला नाय ता! येतला! वादळ ये-त-ला!"

"अगो, पण तू लिवलंस परवा..."

"परवा येतला! आता फाल्या येतला! थंयच थांबा, पुढे पाऊल टाकूचा नाय!" फाल्या म्हणजे मालवणीत उद्या.

"आणि तन्वीचो साखरपुडो?"

मग माधवीताईंचा आवाज आला, आता हळू. "साखरपुडो तुमच्याशिवाय होतलो. लगीन तुमच्याशिवाय करूक माका जमाचा नाय."

मग सावंतांनी मागे कुणाला तरी इंग्रजीत हुकूम दिला, इंजिनाचा वेग उतरवायचा. तो मी माझ्या कानांनी ऐकला आणि खुर्चीत बसले. तोवर मी उभी होते हे मला कळलंच नव्हतं.

लिम साहेब कॉफी न घेताच परत आले. "व्हॉट शी से?"

"फ्यूचर टेन्स, सर."

"वाह," लिम म्हणाले. "युअर लँग्वेज व्हेरी डेंजरस ला."

वादळ आलं. सांगितलं होतं तसं, किंबहुना थोडं जास्तच. त्या किनाऱ्यावर झाडं आडवी झाली, गावंच्या गावं अंधारात गेली, फेरीबोटी बंद पडल्या. कुठल्याशा दुसऱ्या जहाजाचे कंटेनर समुद्रात गेले आणि त्यावरचे दोन खलाशी जबर जखमी झाले, असं मागाहून कळलं. सावंत मात्र मागे, मोकळ्या समुद्रात, वाऱ्याकडे तोंड करून हळूहळू रांगत राहिले. नंतर बंदराबाहेर रांग लागली आणि ते तिथे नांगर टाकून अडकले.

साखरपुड्याला मी गेले. जायची लाज वाटत होती, पण न जाणं त्याहून वाईट दिसलं असतं. नवऱ्या मुलाकडची एक आत्या जेवताना मोठ्याने म्हणाली, "ऐन वेळी बापच नाही! कुणी हवामानवालीने अडवलं म्हणे." मी श्रीखंडात मान घातली.

तन्वी शालू सावरत माझ्यापाशी आली. तिचा जन्म इथला. "आंटी, यू शुअर ऑर नॉट? पप्पा से द सी वॉज ओके व्हॉट. नथिंग हॅपन्ड." तिचे डोळे भरले होते.

तिला काय सांगणार? जिथे तो थांबला तिथे काहीच झालं नाही, म्हणूनच तर थांबवला. आमच्या धंद्याचं दुखणं हेच. आमचं बरोबर आलं की काहीही घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीबद्दल कुणी कुणाचे आभार मानत नाही. इतक्या वर्षांत मला त्याचं कधी फारसं वाईट वाटलं नव्हतं. त्या दिवशी, त्या मुलीपुढे, वाटलं. मी एवढंच म्हटलं, "सॉरी बेटा."

तेवढ्यात तिच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. सावंतांकडे अजून आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. जहाजाच्या जेवणघरात ते उभे होते, डोक्याला चादरीचा फेटा. त्यांच्या मागे त्यांची सगळी माणसं दाटीवाटीने उभी होती, फिलिपिनो, बंगाली, एक केरळचा, आणि प्रत्येकाच्या डोक्याला काही ना काही गुंडाळलेलं: टॉवेल, उशीचा अभ्रा, एकाच्या तर चक्क टेबलावरचं कापड. कुकने शिरा केला होता आणि तो खालून लागल्याचं हसत हसत दाखवत होता. "कंग्रॅच्युलेशन्स, मिस तन्वी!" सगळे एकदम ओरडले. तन्वी रडता रडता हसायला लागली. मग तिने बोटातली अंगठी बापाला दाखवली.

शेवटी सावंत म्हणाले, "वंदनाताई आहेत का गं तिथे? दे त्यांना."

मी फोन हातात घेतला. नागपूरच्या समुद्राबद्दल ते काहीतरी बोलतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण ते बाजूला झाले आणि एकेकाला हाताला धरून पुढे आणायला लागले. हा चीफ इंजिनियर. याला मुलगी झालीय, अजून पाहिली नाहीये त्याने. हा कुक. हा आमचा बोसन, खलाशांचा मुकादम, याची शेवटची सफर, आता घरी जाऊन कोंबड्या पाळणार. प्रत्येक जण डोक्यावरचं सावरत मला "थँक यू, मॅडम" म्हणत होता, आणि मी प्रत्येकाला मान लववत होते.

"झाले सगळे," सावंत म्हणाले.

"नाही झाले," मी म्हटलं. मागे भिंतीपाशी एक जण राहिला होता, त्याचा चेहरा दुसऱ्याच्या खांद्याआड होता. "त्याला घ्या ना पुढे. मला बघायचंय त्याला."